व्हॅम्पायरच्या कादंबरीत प्रेम जमलं की भीती पळते, त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सतरा वर्षांची तारा, तिच्या कॉलेजात नव्याने आलेला नील, तो व्हॅम्पायर आहे हे पुस्तकाच्या साधारण एक तृतीयांशावर कळतं, मग दोघांचं प्रेम, मग वाईट व्हॅम्पायरांची टोळी आणि शेवटी मोठी मारामारी. ८५ हजार शब्दांचा ड्राफ्ट तयार आहे. ज्यांना वाचायला दिला ते सगळे म्हणतायत की सुरुवातीला जाम टरकायला होतं, पण दोघांचं जमल्यावर भीती गेली ती गेलीच. आणि तुम्ही विचारताय की मधल्या भागात अजून दोन-तीन खून घालू का, की टोळीच आधी आणू.

खून घालू नका, निदान आत्ता तरी नको. मी बरीच वर्षं याच वयोगटाच्या फँटसी-हॉररची हस्तलिखितं एडिट करतेय आणि व्हॅम्पायर म्हटलं की ही तक्रार हमखास येते, त्यामुळे आपल्यालाच जमत नाहीये असं वाटून घेऊ नका. तुम्ही प्रश्नात एक वाक्य अगदी जाता जाता लिहिलंय, की नील माणसांचं रक्त पीत नाही, प्राण्यांवर भागवतो. घोडं तिथेच पेंड खातंय. ज्या पानावर हे वाक्य येतं त्या पानापासून नील सेफ झाला, आणि तो सेफ झाला की त्याच्याजवळ असताना ताराला काही होईल ही धाकधूक संपली. मग भीती टिकवायची तर ती बाहेरून आणावी लागते, म्हणून टोळी, म्हणून खून. मग प्रेमाचे सीन वेगळे, भीतीचे वेगळे, एकाआड एक, आणि वाचक त्याला जे आवडतं तेवढं वाचतो आणि बाकीचं चाळतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की तारा ज्या गोष्टीमुळे नीलकडे ओढली जाते त्याच गोष्टीने तिचा जीव जाऊ शकतो, असं असेल तरच रोमान्स आणि हॉरर एका पुस्तकात नांदतात. आणि ती गाठ मारायचं काम फँटसीचं, म्हणजे तुमच्या जगातल्या नियमांचं. तुम्ही नियम सजावटीसारखे वापरलेत (डोळ्यांचा रंग बदलणं, वेग, आरशात न दिसणं), ते गाठ म्हणून वापरले नाहीत.

आता हे कितपत लागू पडतं ते परिस्थितीवर आहे, हे आधीच सांगते. तुमचा वाचक बारा-तेरा वर्षांचा असेल तर खाली लिहिलेलं बरंचसं जड होईल, मग साहस आणि गूढ वाढवा आणि भूक थोडी मागे ठेवा. सोळा-सतराचा असेल तर काही सौम्य करायची गरज नाही, त्या वयाची मुलं आपल्यापेक्षा घट्ट असतात. दुसरं, तुम्ही हे पुस्तक प्रेमकथा म्हणून देणार की हॉरर म्हणून? प्रेमकथेचा वाचक शेवटी दोघं एकत्र हवीत म्हणून पैसे देतो, हॉररचा वाचक तसं काही गृहीत धरत नाही. दोन्ही घालता येतं पण तराजूचं पारडं कुठे झुकतंय हे तुम्हाला माहीत पाहिजे. तुमच्या प्रश्नावरून मला वाटतंय की प्रेम पुढे आणि भीती लगेच मागे, तसं धरून पुढचं लिहितेय.

थोडं मागे जाते, कारण याचा उपयोग आहे. युरोपातल्या जुन्या नोंदींमधला व्हॅम्पायर कोणी देखणा परका नव्हता, तो घरातलाच माणूस होता. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलोवा नावाच्या गावातला पेटार ब्लागोयेविच मेला आणि त्यानंतर आठवड्याभरात गावातली नऊ माणसं गेली. ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने केलेल्या नोंदीत एक तपशील आहे जो मी नव्या लेखकांना नेहमी सांगते: त्याची बायको म्हणाली की तो रात्री आला आणि त्याने आपले बूट मागितले. बस, बूट. रक्त नाही, दात नाहीत. ती बाई त्यानंतर गाव सोडून गेली. मग थडगं उकरलं तर अंग फारसं सडलेलं नव्हतं आणि तोंडाशी रक्त. आज आपल्याला माहितीये की प्रेत फुगतं, आतल्या वायूने लालसर द्रव तोंडातून बाहेर येतो, कातडी आक्रसते म्हणून नखं आणि केस वाढल्यासारखे दिसतात. तेव्हा ते कोणाला माहीत असणार.

तसंच १८९२ चं अमेरिकेतल्या र्‍होड आयलंडमधलं मर्सी ब्राउनचं प्रकरण. घरात क्षय. आधी आई गेली, मग थोरली बहीण, मग मर्सी, आणि भाऊ एडविन खंगत चाललेला. गावकऱ्यांचं म्हणणं पडलं की गेलेल्यांपैकीच कोणीतरी त्याला शोषतंय. मर्सीचं प्रेत बाहेर काढलं, काळीज जाळलं आणि ती राख भावाला औषध म्हणून पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू शोधून दहा वर्षं झालेली होती, १८८२ सालीच कॉख या जर्मन डॉक्टरने तो दाखवला होता, तरीही. आणि विचार करा, क्षय कोणाला होतो? जो शेजारी झोपतो त्याला, जो शुश्रूषा करतो त्याला. जितकं जवळ तितका धोका. व्हॅम्पायरची मूळ भीती हीच आहे, आपल्या माणसाच्या जवळ जाण्याची, आणि प्रेमकथा म्हणजे तरी दुसरं काय, कोणाच्या तरी जवळ जाण्याचीच गोष्ट ना. म्हणजे हे दोन जॉनर ओढूनताणून जोडावे लागत नाहीत, ते जोडलेलेच आहेत, तुम्ही प्राण्यांचं रक्त आणून ते सोडवलेत.

साहित्यातही हे जुनंच आहे. १८७२ ची ‘कार्मिला’ ही व्हॅम्पायरची लांब कथा बघा, त्यात घरी पाहुणी म्हणून आलेल्या मुलीची (तीच व्हॅम्पायर) ओढ आणि निवेदन करणाऱ्या लॉराचं खंगत जाणं एकाच वेळी चालू राहतं, वेगवेगळ्या प्रकरणांत नाही. लेखकाला टोळीची गरज पडली नाही.

आता नियमांकडे येऊ. बरेच जण नियमांना फार घाबरून असतात, की उन्हात जळालाच पाहिजे, लसूण पाहिजेच. असं काही नाही. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत काउंट ड्रॅक्युला, म्हणजे खुद्द व्हॅम्पायर, दिवसाउजेडी रस्त्यावर दिसतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. उन्हाने मरणं हे १९२२ च्या ‘नॉस्फेराटू’ या मूकपटापासून रुळलं. म्हणजे प्रत्येक पिढीने आपल्याला हवं ते घेतलंय, तुम्हीही घ्या. निवडताना मी एकच कसोटी लावते: हा नियम प्रेमाच्या सीनमध्ये काही किंमत मागतो का? आरशात न दिसणं काही मागत नाही, गंमत म्हणून ठेवा किंवा काढा. आमंत्रणाशिवाय घरात येता न येणं मात्र सोन्यासारखा नियम आहे, विशेषतः या वयाच्या नायिकेसाठी, कारण दार तिचं एकटीचं नसतं. घरात आई आहे, लहान भाऊ आहे. तिने ‘ये’ म्हटलं की तो सगळ्यांच्या घरात आला. आणि तुमच्या जगात आमंत्रण परत घेता येतं की नाही हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर येऊ नये. मग तिचं ते एक ‘ये’ पुढचं अख्खं पुस्तक पुरतं.

पण तुमच्या पुस्तकाला सगळ्यात जास्त गरज आहे ती भुकेच्या हिशोबाची. अक्षरशः हिशोब, वही घेऊन बसा. पन्नास किलोच्या मुलीच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. अर्धा लिटर गेलं तर ती थोडी गळून जाईल पण चालती-बोलती राहील. एक लिटर एकदम गेलं तर नाडी धावते, डोकं चालत नाही, चक्कर येते. सव्वा-दीड लिटरच्या आसपास तिला कोणी दवाखान्यात नेलं नाही तर संपलं. म्हणजे नीलने कधी थांबायचं, तर जेमतेम पाऊण-एक लिटरच्या फरकात सगळं प्रेम बसवायचंय. पुढे बघा. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पण लाल पेशी भरून यायला चार ते आठ आठवडे लागतात. समजा नीलला तीन दिवसांनी अर्धा लिटर लागतं. एका माणसाला आठ आठवडे सुट्टी द्यायची तर त्याला जवळजवळ एकोणीस माणसं लागतील. एकोणीस! ती कोण आहेत? राजी आहेत का? की त्यांना आठवतच नाही? आणि तारा जर प्रेमापोटी म्हणाली की ‘दुसऱ्या कोणाकडे जाऊ नकोस, मी आहे ना’, तर हे वाक्य रोमान्सच्या वाचकाला गोड लागतं आणि हिशोब माहीत असलेल्याच्या पोटात गोळा येतो, कारण तीन आठवड्यांत ती संपेल. हे एकच वाक्य तुमच्या टोळीपेक्षा जास्त घाबरवतं, आणि त्यासाठी कोणी मरावं लागत नाही.

हा हिशोब पुस्तकात तोंडाने सांगायचा नाही बरं का, नाहीतर फिजिऑलॉजीचा तास होईल. तो अंगावर दाखवायचा. लोह कमी झालेल्या माणसांना कधीकधी बर्फ खायची विलक्षण इच्छा होते, हे खरं लक्षण आहे. तर तारा एका प्रकरणात ग्लासातला बर्फ चावताना दिसू दे, कोणी काही बोलत नाही. दोन प्रकरणांनी ती रात्री फ्रीज उघडून बर्फाचा ट्रे वाकवून मूठभर बर्फ तोंडात टाकतेय, दाढा दुखतायत तरी. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर ती मोबाईल बघायच्या निमित्ताने थांबते. मग तिची मैत्रीण तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघते आणि आतली कड पांढरट. आणि हे सगळं चालू असताना तारा आयुष्यात पहिल्यांदा इतकी खूश आहे. वाचक दोन्ही वाचतोय, एकाच पानावर.

तुम्ही दिलेला गच्चीवरचा सीन याच कारणाने घेते. तुमच्याकडे वारा आहे, त्याचे थंड हात आहेत, ती म्हणते ‘मला तुझी भीती वाटत नाही’ आणि मग किस. छान लिहिलंय, पण असा सीन नील साधा मुलगा असता तरी झाला असता. मी तो साधारण असा हलवेन:

त्याने तिचा हात हातात घेतला. अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे तो नेहमी ठेवायचा. तारा बोलत होती, परीक्षेबद्दल काहीतरी, आणि तो मान हलवत होता पण एक सेकंद उशिरा.
‘ऐकतोयस ना?’
‘हं.’
‘मग मी काय म्हटलं?’
त्याने हात सोडला. ‘आज नको, तारा.’
‘मी काही विचारलंच नव्हतं.’
‘माहितीये.’

तिला वाटतंय तो हात धरून बसलाय. तो नाडी मोजतोय. आणि ‘आज नको’ हे तिला नकार वाटतं, ती दुखावते, घरी जाऊन रडते, जे या वयात अगदी खरं आहे, आणि वाचकाला मात्र कळतं की तो तिच्यावर सगळ्यात जास्त प्रेम त्या क्षणी करत होता. हा सीन तीन-चारदा वेगवेगळ्या जागी येऊ दे. मग पुस्तकाच्या पाऊण भागात एकदा तिची नाडी धावतेय, तिला स्वतःला ती कानात ऐकू येतेय, आणि तो ‘आज नको’ म्हणत नाही. तिथे तुम्हाला ना संगीत लागेल ना विजांचा कडकडाट.

पुढचा मुद्दा निवेदनाचा. तुम्ही एक प्रकरण ताराचं, एक नीलचं असं केलंय, दोघंही प्रथमपुरुषी. रोमान्समध्ये हे चालतं, वाचकांना त्याच्या मनातलं वाचायला आवडतंच. पण भीती न कळण्यावर जगते. नील पान ४० वर मनात म्हणतोय की ‘मी हिला कधीच इजा होऊ देणार नाही’, आणि तो प्रथमपुरुषी आहे म्हणजे खरं बोलतोय असं वाचक धरतो, मग पान १५० वर तुम्ही कितीही अंधार करा. माझा सल्ला, आत्ताच्या काळातली सगळी प्रकरणं ताराला द्या. नीलची ठेवायचीच असतील तर ती मागच्या काळातली ठेवा: तो कसा बदलला, पहिल्या महिन्यात त्याने काय केलं, आणि ज्या मुलीबद्दल तो गोडीगुलाबीने बोलतो तिचं शेवटी काय झालं. त्याच्या भूतकाळाचा एकेक तुकडा आणि ताराचा एकेक बर्फाचा खडा, हे शेजारी शेजारी आले की वाचक आपोआप बेरीज करतो. हे सगळं पुन्हा लिहायला लागेल हे मला कळतंय, निम्मं पुस्तक जातं त्यात. तरी करा.

वयाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण बोलायलाच हवं. नील एकशे चाळीस वर्षांचा आणि ती सतरा. पूर्वी हे खपून जायचं, आता वाचकच विचारतात, आणि बरोबर विचारतात. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे नीलला खरंच सतराचा करा, गेल्याच वर्षी बदललेला, ज्याला स्वतःचीच भूक अजून नीट कळत नाही. माझा कल याकडे आहे, कारण अननुभवी व्हॅम्पायर जास्त धोकादायक असतो आणि कॉलेजात का बसलाय याला खोटं कारणही शोधावं लागत नाही. दुसरा म्हणजे तो म्हाताराच ठेवा, पण मग तो फरक हाच हॉरर करा: तो तिला हाताळतोय, अशा मुली त्याने आधी पाहिल्यात, ती कुठे विरघळेल हे त्याला पाठ आहे. मग ती प्रेमकथा राहत नाही, सुटकेची गोष्ट होते, तीही चांगली असते. मधला रस्ता, की म्हातारा आहे पण मनाने सतरा, हा लेखकाच्या सोयीचा आहे. आणि झोपलेल्या मुलीच्या खोलीत चोरून उभं राहणं हे कुठल्याही रस्त्यावर रोमँटिक म्हणून लिहू नका, भीतीदायक म्हणून खुशाल लिहा. शारीरिक जवळिकीचं म्हणाल तर पात्रं सतराची आहेत, तिथे किसच्या पुढे जायचंच नाही, आणि गरजही पडत नाही, ताण सगळा त्या अंगठ्याखालच्या मनगटात आहे.

आई-बाबांना दर वेळी बाहेरगावी पाठवू नका. एक मोठं माणूस घरात असू दे आणि त्याला काहीतरी चुकतंय हे दिसू दे, फक्त त्याचा अंदाज चुकीचा असू दे. मुलगी जेवत नाही, बारीक होतेय, रात्री बाहेर जाते, याचे अर्थ आई तिच्या परीने लावेलच.

टोळी. काढू नका, पण नऊ जणांची एक करा. एकच बाई, समजा, नीलसारखीच सुरुवात केलेली, तिच्याही आयुष्यात कोणीतरी तारा होती. ती दुष्ट नको, उलट अगदी सरळ बोलणारी हवी. ती ताराला बसवून सांगते की सुरुवातीला मीही अशीच नाडी मोजायचे. हल्ला न करता ती जे सांगेल त्याने जास्त पडझड होईल. शेवटची मारामारी मग छोटी होते, आणि खरं सांगू का, व्हॅम्पायरच्या शेवटच्या मारामाऱ्या मी एडिट करतानाही चाळते.

शेवट कसा करायचा हे मी सांगणार नाही, पण एक तपासून बघा. तारा व्हॅम्पायर झाली आणि दोघं कायमचे सुखात, असा शेवट असेल तर तिने काय गमावलं त्याची पानं आहेत का? तिचा लहान भाऊ पंचवीसचा होईल तेव्हा ती सतराचीच असेल, आणि त्याच्या घराच्या दाराशी उभी राहून त्याने ‘ये’ म्हणायची वाट बघत असेल. तो म्हणेल का? ही पानं असली तर सुखाचा शेवट चालतो, रोमान्सचा वाचकही चिडत नाही. ती माणूसच राहिली आणि तो गेला तर तेही चालतं, पण तो कोणाच्या तरी हातून मरायला नको, त्याने किंवा तिने ठरवून व्हायला हवं. औषध सापडून नील पुन्हा माणूस झाला, हे मात्र कृपा करून नको.

कामाला कुठून लागायचं म्हणाल तर पहिल्या पानापासून नाही. ड्राफ्टचं प्रिंट काढा, जिथे दोघं जवळ यावीत असं वाटतं तिथे एका रंगाने समासात रेघ मारा, जिथे ताराच्या जिवाची काळजी वाटते तिथे दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग एकाच पानावर कुठे येतात ते बघा. तुमच्या ड्राफ्टमध्ये माझ्या अंदाजाने अशी पानं फार थोडी निघतील, बहुतेक त्याचं गुपित कळण्याच्या आसपासची. ती पानं तशीच ठेवा. मग प्राण्यांचं रक्त काढून टाका, भुकेचा हिशोब एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा, गच्चीचा सीन आधी पुन्हा लिहा आणि मग त्याच्या पुढे-मागे जे जे मोडतं ते दुरुस्त करत जा. नियम बदलल्यावर निम्म्या सीनची गरजच उरणार नाही, ते जाऊ द्या, ८५ चे ७० हजार झाले तरी या प्रकारच्या पुस्तकाला ते पुरतात. पुन्हा वाचायला देताना आधीच्याच वाचकांना देऊ नका, त्यांना नील सेफ आहे हे आधीच माहितीये.